बर्लिनच्या युवा केंद्रात दाखल्यावाचून अडलं, तेव्हा

सांगलीहून मी बर्लिनला आले ती जर्मनीच्या सरकारी स्वयंसेवा योजनेतून. ही योजना २०११ पासून चालू आहे. वस्तीतल्या युवा केंद्रात मुलांबरोबर काम करायचं होतं. पहिल्याच दिवशी कळलं, की चारित्र्याचा विस्तारित दाखला आल्याशिवाय मुलांबरोबर एकटीने थांबायचं नाही. नियम मला मनापासून पटला. पण दाखल्याआधी पत्त्याची नोंदणी हवी, आणि आमच्या भागातल्या ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयात, महिनाभर वेळ मिळत नव्हती.

मार्ग असा निघाला. बर्लिनमध्ये नोंदणी शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये होते. रोज सकाळी वेबसाइट उघडून बसले, चौथ्या दिवशी कुणाची तरी रद्द झालेली वेळ हाती लागली. नुसता भाडेकरार चालत नाही, घर देणाऱ्याच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो. तो घरमालकीणबाईंनी लगेच दिला. केंद्राकडून पत्रही घेतलं: काम मुलांबरोबरचं आहे आणि मी स्वयंसेवक आहे. त्यामुळे दाखल्याचं शुल्क माफ झालं.

तरी दाखला येईना. तो बॉन शहरातल्या सरकारी कार्यालयातून टपालाने येतो, आणि पत्रपेटीवर माझं नावच नव्हतं! इथे नाव नसेल तर पत्र परत जातं. त्याच संध्याकाळी चिठ्ठी चिकटवली आणि कार्यालयाला कळवलं.

तोवर मी केंद्राच्या स्वयंपाकघरात, सहकाऱ्यांच्या सोबतीने. कांदा चिरता चिरता मुलांनीच मला जर्मन आकडे शिकवले.