कोड आला की लगेच सेन्सर मागवू नका, आधी मल्टिमीटर लावा

पोकलेनच्या डिस्प्लेवर पिवळा दिवा लागून फॉल्टचा कोड आला की ऑपरेटर पहिलं काम करतो ते म्हणजे फोटो काढून ग्रुपवर टाकतो, आणि पाच मिनिटात कोणतरी सांगतंच "बूस्ट सेन्सर गेलाय, नवीन टाक". शेठ टाकतात पण. दोन दिवसांनी तोच कोड परत, मग दुसरा सेन्सर, मग "ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला वाटतं" आणि तिथून पुढे लाखाच्या गोष्टी सुरू. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा बहुतेक मशीनमध्ये दोष वायरमध्ये, कपलरमध्ये (वायर जोडायच्या प्लगमध्ये) नाहीतर अर्थिंगमध्ये निघालाय. कोड तुम्हाला पार्ट सांगत नाही, तो फक्त सांगतो की ईसीएमला या लाईनवर काय दिसलं.

आता कोड वाचायचा कसा. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनवर जे-१९३९ (J1939, मशीनच्या कॉम्प्युटरची ठरलेली भाषा) च्या पद्धतीने दोन आकडे येतात, एसपीएन आणि एफएमआय. एसपीएन म्हणजे पत्ता, कुठली लाईन ते. १०० ऑईल प्रेशर, १०२ बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचं प्रेशर), ११० कूलंट टेंपरेचर, १५७ रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या पाईपमधलं), १६८ बॅटरी व्होल्टेज, ६५१ पासून पुढे इंजेक्टर. एफएमआय म्हणजे तक्रार काय आहे ते, आणि नेमका हाच आकडा कोणी बघत नाही! ३ म्हणजे व्होल्टेज नको तेवढं जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलंय, ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर बॉडीला लागलीय, २ म्हणजे सिग्नल उड्या मारतोय. हे आले तर वायरिंगकडे जा. पण ० किंवा १ आला तर सर्किट ठीक आहे आणि आकडाच खरोखर जास्त किंवा कमी आहे. एसपीएन ११० ला एफएमआय ३ आला तर मीटर काढा, आणि ० आला तर मीटर ठेवा बाजूला आणि रेडिएटर बघा, इंजिन खरंच तापलंय. १०० ला १ आला तर इंजिन तिथल्या तिथे बंद, ऑईल बघितल्याशिवाय परत स्टार्टर मारायचा नाही. काही कंपन्या स्वतःचे आकडे देतात, जसं कमिन्सवर १२२ आणि १२३ म्हणजे बूस्टचे तेच ३ आणि ४, आत गोष्ट तीच.

कोड दिसला की क्लिअर करू नका. आधी सगळे कोड लिहून घ्या, ॲक्टिव्ह कुठले, जुने कुठले, प्रत्येक किती वेळा आला. ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारा, कारण तो शेठसमोर सांगत नाही, की काल मशीन धुतलं का, बकेटला वेल्डिंग केलं का, कोणी जीपीएस बसवून गेलं का. निम्मा तपास इथेच होतो.

मग बॅटरी. हे ऐकून लोक हसतात पण इथूनच सुरू करायचं. २४ व्होल्टच्या मशीनवर फुल चार्ज दोन बॅटऱ्या बंद मशीनला साधारण २५ च्या वर दाखवतात, इंजिन चालू असताना २७-२८ च्या आसपास. स्टार्टर मारताना १८ च्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरी आणि केबल नीट करा, नाहीतर भुताटकीसारखे दहा कोड येतील आणि तुम्ही दहाही जागी फिराल. अर्थसाठी मीटर व्होल्टवर ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरा इंजिन ब्लॉकवर, आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची केबल काढून तिच्या टोकाचा लग घासा. कंटिन्युटीच्या बीपवर भरवसा ठेवायचा नाही, वीस तारांमधली एक तार जिवंत असली तरी मीटर बीप देतो, पण लोड आला की ती एक तार काय ओढणार.

आता एक मशीन सांगतो म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. सातारच्या बाजूला एका खडी क्रशरवर वीस टनी पोकलेन, पावसाळ्याचे दिवस, इंजिन दम धरत नाही, बूम आणि स्विंग एकत्र मारला की आरपीएम बसतोय. शेठने बूस्ट सेन्सर आधीच दोनदा बदललेला. कोड तीन होते: १०२ ला ४, १५७ ला ४, आणि तिसरा ३५०९ ला ४, ज्याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. ३५०९ म्हणजे ईसीएम सेन्सरना जो ५ व्होल्टचा सप्लाय देतो तोच खाली गेलाय. एका घरातले तीन दिवे एकदम मंद झाले तर आपण तीन बल्ब बदलतो का? तसंच हे. एकाच ५ व्होल्टवर तीन-चार सेन्सर लटकलेले असतात, एकाने ती लाईन खाली ओढली की सगळे खोटं बोलायला लागतात.

चावी ऑन, इंजिन बंद. बूस्ट सेन्सरचा कपलर काढला, हार्नेसच्या (वायरच्या जुडग्याच्या) बाजूने सप्लाय आणि रिटर्न म्हणजे परतीच्या पिनमध्ये मोजलं, ५ यायला पाहिजेत तिथे १.८. मीटर तसाच लावून ठेवला आणि त्या सप्लायवरचे बाकीचे सेन्सर एक एक करून काढत गेलो. असं करताना एखादा काढल्यावर आकडा टणकन ५ वर गेला तर तोच सेन्सर आतून शॉर्ट, काम संपलं. इथे सगळे काढले तरी १.८ च. म्हणजे सेन्सर सगळे निर्दोष, हार्नेस मार खातंय. मग हार्नेस हाताने दाबत, हलवत ब्लॉकच्या मागे गेलो, तिथे एक क्लिप तुटलेली होती आणि हार्नेस ब्रॅकेटच्या धारेवर बसला होता. वरची जाळीदार नळी फाटलेली, आत एका वायरचं इन्सुलेशन नखाएवढं घासून तांबं दिसत होतं, आणि खडीची धूळ पावसाच्या पाण्यात कालवून तिथे लेप बसलेला. हार्नेस अर्धा इंच उचलला आणि मीटरवर ४.९८. शेठ बघतच राहिले, त्यांच्या खिशात दुसऱ्या सेन्सरचं बिल होतं.

सप्लाय बरोबर असेल आणि कोड एकाच सेन्सरचा असेल तर काढून बघायची युक्ती वापरा. दोन वायरच्या टेंपरेचर सेन्सरचा कपलर काढला की ईसीएमला लाईन उघडी दिसते आणि एफएमआय ३ यायला हवा, मग हार्नेसच्या दोन पिना बारीक जंपरने जोडल्या की ४. कोड असा पलटला तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, आता खुशाल सेन्सर घ्या. पलटला नाही तर दोष वायरमध्ये नाहीतर ईसीएममध्ये, सेन्सरच्या दुकानात जायचं कारणच नाही. तीन वायरच्या प्रेशर सेन्सरमध्ये काढल्यावर ३ येणार की ४ हे ईसीएमच्या आतल्या सर्किटवर आहे, तिथे मशीनचं मॅन्युअल बघा, आणि ५ व्होल्टची पिन चुकूनही रिटर्नला जोडू नका.

अनेक कोड कम्युनिकेशनचे असतील, ६३९ वगैरे, तर बॅटरी कट-ऑफ करून नऊ पिनच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये सी आणि डी पिनमध्ये ओहम मोजा. कॅन लाईनच्या (ज्या दोन वायरवर मशीनमधले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात) दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात म्हणून ६० यायला पाहिजे. १२० आले तर एक टोक तुटलंय, ४० च्या आसपास आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय, आणि शून्याजवळ आले तर दोन वायर एकमेकींना चिकटल्यात. ४० वाला प्रकार मी जीपीएसवाल्याच्या कृपेने बघितलाय. त्याने बॉक्स सीटमागे लपवला होता आणि शोधायला अर्धा दिवस गेला.

काही गोष्टी करू नका म्हणजे करूच नका. २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प ईसीएमच्या लाईनला लावू नका. मीटरचा जाड प्रोब कपलरच्या पिनमध्ये कोंबू नका, पिन फाकते आणि उद्याचा लूज कनेक्शनचा दोष तुम्हीच आज तयार करता, मागून बारीक सुई घाला. इंजेक्टरच्या वायरला इंजिन चालू असताना हात नाही, तिथे २४ नाही, त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज असतं. रेल पाईप चालू इंजिनला सैल करायचा नाही, हजार बारच्या वर प्रेशरचं डिझेल कातडीतून आत जातं. आणि बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी सोडा, ईसीएमचे कपलर काढा, अर्थचा चिमटा वेल्डच्या जवळ लावा, ट्रॅकला नाही.

वायर जोडताना पीळ देऊन वर काळी टेप हे पावसाळ्यात महिनाभर पण टिकत नाही, आत पाणी ओढून तांबं हिरवं होतं. क्रिंप करा, वरून गोंदवाली हीट श्रिंक नळी तापवा, आणि ती तुटलेली क्लिप नवीन लावा, नाहीतर तीच वायर त्याच धारेवर परत घासणार. त्या क्रशरवर मी क्लिप मिळेपर्यंत हायड्रोलिक होजचा तुकडा उभा चिरून ब्रॅकेटवर चढवला होता.

मग कोड क्लिअर करा आणि मशीन पार्किंगमध्ये रेस करून "झालं" म्हणू नका, अर्धा तास खरा लोड द्या, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, कारण घासलेली वायर थंड इंजिनला कधी कधी गप्प बसते. परत कोड बघा. यादी रिकामी असली तर तारीख आणि कुठली वायर जोडली ते इंजिनच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, पुढचा मेकॅनिक बहुतेक तुम्हीच असणार.