जुन्या ट्रॅक्टरचं पाणी कमी होतंय? हेड खोलायच्या आधी हे बघा

रोज सकाळी रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी ओतायचं आणि रानात जायचं, ही सवय लय जणांना असते. पण ते पाणी कुठंतरी जातंय ना, आणि ते जर इंजिन ऑइलमध्ये जात असेल तर बेरिंग, क्रँक सगळं खाऊन टाकतं, म्हणून आधी शोधा.

पहिलं म्हणजे खरंच कमी होतंय का ते बघा. जुन्या ट्रॅक्टरला जादा पाण्याची वेगळी बाटली नसते, तोंडापर्यंत भरलं की गरम झाल्यावर फुगून ते बारक्या नळीतनं खाली पडतं आणि आपल्याला वाटतं इंजिन पाणी पितंय. तोंडापासून २ बोटं खाली ठेवा, ३ दिवस सकाळी थंड असताना बघा, तिथंच राहिलं तर काही बिघाड नाही. गरम असताना टोपण अजिबात उघडू नका, तोंड भाजतं.

टोपण मात्र नीट तपासा. मागच्या रब्बीत माझं पाणी जायला लागलं, मिस्त्री म्हणाला हेड (सिलेंडरवरचं झाकण) गेलंय, हेड उतरवलं, फेसिंग केलं म्हणजे तळ घासून सपाट केला, खालचं नवीन पॅकिंग (गॅस्केट) टाकलं, तरी पाणी जातंच होतं! शेवटी टोपण उलटं करून बघितलं तर आतलं रबर कडक होऊन चिरलेलं. पेरणीचे ४ दिवस गेले ते वेगळेच. नवीन घेताना जुन्यावरचा प्रेशरचा आकडा बघूनच घ्या.

मग होज पाईप, क्लिपा, रेडिएटरची जाळी. पाणी उडून गेलं तरी पांढरा किंवा हिरवट डाग राहतो, तोच शोधायचा. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खाली एक बारकं भोक असतं, तिथनं ओघळ आलेला दिसला तर आतलं सील गेलं समजा, आणि ते भोक बुजवू नका हो, नाहीतर तेच पाणी बेरिंगमध्ये जातं. इंजिन बंद असताना पंखा धरून हलवा, खुळखुळला तर बेरिंग पण गेलंय.

बाहेर काहीच नाही सापडलं तर आत. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा, सकाळी चालू न करता चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं, म्हणून आधी पाण्याचे थेंब येतात. असं झालं किंवा ऑइल मोजायच्या गेजपट्टीवर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसलं तर ट्रॅक्टर चालवूच नका.

ऑइल चांगलं असेल तर थंड इंजिनावर टोपण काढून रेडिएटर भरा, पंख्याचा बेल्ट काढा आणि फक्त मिनिटभर चालू करा. सारखे बुडबुडे येत राहिले तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाबाचा वायू) पाण्यात घुसतंय, म्हणजे पॅकिंग गेलं किंवा हेडला चीर. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि पाणीही कमी होत असेल तर शंका तिकडंच. आणि सकाळी स्टार्टर मारला की इंजिन अडकत असेल तर जबरदस्ती करू नका, सिलेंडरमध्ये पाणी साठलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आधी नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा) काढून पाणी बाहेर घालवा.

ऑइलमध्ये पाणी आहे पण बुडबुडे नाहीत, आणि लायनरला (पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या नळीला) बाहेरून थेट पाणी लागणारं इंजिन आहे, तर आधी पाणी अडवणारी लायनरची रबरं बघायची. चेंबर उतरवा, रेडिएटर भरलेलाच ठेवा, खाली कोरडा पुठ्ठा अंथरा आणि रात्रभर सोडा. सकाळी ज्या लायनरच्या खाली ओला ठिपका दिसेल, तोच बाहेर काढायला सांगा.