विकणाऱ्याचं होमलोन चालू असताना रिसेलचा फ्लॅट कसा घ्यावा (आणि कसा विकावा)

ठाण्यात रिसेलचं घर शोधतोय असं नुसतं बोलून बघा, ओळखीतला कोणीतरी लगेच सांगेल, "लोन चालू असलेलं घर नको रे बाबा, भानगड असते." हा सल्ला देणाऱ्याने घोडबंदर रोड, कोलशेत, मानपाडा या पट्ट्यात लोन नसलेले फ्लॅट शोधून दाखवावेत. मला तर असं घर कधीही चालेल. एका बँकेने त्यावर कर्ज दिलंय म्हणजे कागदपत्रं निदान एकदा तरी वकिलाच्या नजरेखालून गेलेली असतात. "मूळ अ‍ॅग्रीमेंट गावच्या कपाटात आहे, पुढच्या वेळी आणतो" म्हणणाऱ्या मालकापेक्षा हे बरं.

अडचण येते ती मधल्या दिवसांत. तुमच्या बँकेचे पैसे विकणाऱ्याच्या बँकेत गेलेले असतात आणि घराचे मूळ कागद अजून बाहेर आलेले नसतात. हे दिवस टोकन, म्हणजे बयाणा, देण्याआधीच कागदावर आखले तर व्यवहार सुरळीत होतो. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत, त्या पटकन उरकतो.

घर पसंत पडल्यावर

ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का ते आधी बघा. नौपाडा, चरईतल्या जुन्या इमारतींत कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर, झालंय का तेही विचारा. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतच्या करारनाम्यांची साखळी अखंड हवी. मालक वारले असतील तर नॉमिनीची सही पुरत नाही; नॉमिनी हा विश्वस्त, मालकी वारसांची. सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र घ्या.

काही रक्कम रोख मागितली तर उठा आणि घरी या. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो. शिवाय रोख दिलेल्या पैशांना बँकेच्या हिशोबात जागा नसते.

पैशांचं गणित

उदाहरण घेऊ. फ्लॅट 90 लाखांचा, विकणाऱ्याचं कर्ज बाकी 34 लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे, म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त 72 लाख मिळतील. उरलेले 18 लाख डाउन पेमेंट. मुद्रांक शुल्क या किमतीत धरत नाहीत. ठाण्यात ते 7 टक्के, म्हणजे 6 लाख 30 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. फक्त महिलांच्या नावे घर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दराने निघणाऱ्या किमतीपेक्षा, कमी असेल तर शुल्क रेडी रेकनरवर लागतं.

किंमत 50 लाख किंवा जास्त असली की 1 टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा. इथे 90 हजार. तो डाउन पेमेंटमधूनच जातो. विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते मात्र आधी बघा, नसेल तर एकच्या जागी 20 टक्के कापावे लागतात. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर नियम पूर्ण वेगळे आहेत, सीएशिवाय पुढे जाऊ नका.

खरी पायरी: त्याचं कर्ज फेडून कागद सोडवणं

पहिला प्रश्न: त्याची बाकी तुमच्या डाउन पेमेंटमध्ये बसते का? बाकी 18 लाखांच्या आत असेल तर डोकं चालवू नका. करारनामा नोंदवा, डाउन पेमेंट थेट त्याच्या लोन खात्यात भरा, कागद बाहेर काढा आणि मग तुमच्या बँकेला चेक काढायला सांगा. एजंट म्हणेल यात वेळ जातो. जाऊ दे.

आपल्या उदाहरणात 34 लाख आहेत, तेव्हा तुमच्या बँकेला दोन चेक काढावे लागतील. पहिला 34 लाखांचा, त्याच्या बँकेच्या नावाने, लोन खात्याचा नंबर घालून. कागद ताब्यात आल्यावर दुसरा 38 लाखांचा, विकणाऱ्याच्या नावाने. दोघांचीही एकच बँक असेल तर हे बरंच घरच्या घरी उरकतं. तरी खालच्या गोष्टी चुकत नाहीत.

विकणाऱ्याने बँकेकडून दोन पत्रं आणायची. एक फोरक्लोजर लेटर: आज किती बाकी, दर दिवशी व्याज किती वाढतं, आकडा कुठल्या तारखेपर्यंत चालतो. दुसरं एलओडी, म्हणजे बँकेकडे कुठले मूळ कागद जमा आहेत त्याची यादी. लोक पहिल्या पत्राच्या मागे धावतात आणि दुसरं "मिळेल नंतर" म्हणून सोडून देतात. मी उलट करतो. आकडा बँक कधीही सांगेल, पण यादीत काय नाही हे टोकनआधी कळायला हवं. बिल्डरबरोबरचा करारनामा, सूची दोन (इंडेक्स टू, नोंदणीचा उतारा), आधीच्या मालकांचे करार, शेअर सर्टिफिकेट हे एकेक ताडून बघा. हमखास गायब असते ती नोंदणीची पावती. करारनाम्याच्या पाठीमागे टाचून ठेवलेला तो छोटा कागद, आणि तुमच्या बँकेचा वकील नेमका त्याच्यावर अडून बसतो. शेअर सर्टिफिकेट बऱ्याचदा बँकेत नसतंच, सोसायटीच्या कपाटात असतं. ते आधी माहीत असलेलं बरं.

आता टॉप-अप, म्हणजे चालू होमलोनवर घेतलेलं वाढीव कर्ज. वर्तकनगरातल्या माझ्या मामेभावाच्या फ्लॅटचा व्यवहार यावरच अडकला होता. मुख्य लोन फिटलं, खरेदीदाराच्या बँकेचा चेक वटला, सगळे कागदांचं पाकीट घ्यायला शाखेत बसलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "काका, अजून एक खातं दिसतंय." मुलीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी त्याच घरावर काढलेलं टॉप-अप. हप्ता इतका लहान की मामेभावाच्या ध्यानातूनच गेलं होतं. ते फिटेपर्यंत पाकीट हलेना, आणि तिकडे खरेदीदाराचे फोनवर फोन. तेव्हापासून मी विकणाऱ्याला एकच वाक्य लेखी मागायला लावतो: "या मालमत्तेवर असलेली सर्व कर्जखाती आणि त्यांची एकूण बाकी." एका खात्याचं फोरक्लोजर लेटर म्हणजे अर्धी गोष्ट.

ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं होमलोन आणखी फसवं. बाकी शून्य झाली तरी खातं उघडंच राहतं आणि मालक त्यातून पुन्हा पैसे काढू शकतो. तिथे "बाकी शून्य" नको, "खातं बंद" असं पत्र हवं.

मग क्रम ठरवा आणि तो करारनाम्यात लिहून घ्या. वकिलाचा ठरलेला मसुदा "विक्रेता मालमत्ता बोजारहित करून देईल" एवढ्यावर संपतो. हे पुरेसं नाही. निदान एवढं हवं: पहिला चेक कुठल्या खात्यात जाणार, तो वटल्यावर किती दिवसांत कागद मिळाले पाहिजेत, ते विकणाऱ्याच्या हातात येणार की थेट तुमच्या बँकेकडे जाणार, आणि उशीर झाला तर त्या दिवसांचं व्याज कोण भरणार. हा शेवटचा मुद्दा कोणी बोलत नाही. पहिला चेक निघाला की त्या 34 लाखांवर तुमचं व्याज सुरू होतं, साडेआठ टक्क्यांनी महिन्याला 24 हजारांच्या घरात. घराची किल्ली मात्र अजून विकणाऱ्याकडे असते. त्याची बँक रेंगाळली तर तो भुर्दंड तुम्ही का सोसायचा?

विकणाऱ्यांनाही सांगतो, किल्ली देऊ नका. दुसरा चेक खात्यात जमा झालेला दिसेपर्यंत ताबा नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो की "नुसतं रंगकाम सुरू करतो". आणि खरेदीदाराच्या सँक्शन लेटरवर, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रावर, भुलू नका. ते पगार बघून दिलेलं असतं. घराच्या कागदांची कायदेशीर तपासणी आणि जागेची पाहणी बहुतेक वेळा त्यानंतर होते. तो निकाल आल्याशिवाय नोंदणीची तारीख घेऊ नका. नोंदवलेला करार मोडायचा तर तोही नोंदवूनच मोडावा लागतो.

चेक देण्याच्या दिवशी ताजा आकडा घ्या. मध्ये ईएमआय कापला गेला असेल किंवा दिवस उलटले असतील तर दोन-पाच हजारांचा फरक पडतो, आणि शंभर रुपये कमी पडले तरी खातं बंद होत नाही. विकणाऱ्याने वरची किरकोळ रक्कम स्वतः भरायची तयारी ठेवावी. जास्त गेलेले परत मिळतात. फ्लोटिंग दराच्या होमलोनवर मुदतीआधी फेडीचा दंड नसतो. कोणी लावला तर लेखी कारण मागा.

मग वाट बघणं. मूळ कागद अनेकदा शाखेत नसतात, बँकेच्या साठवणीतून मागवावे लागतात. "साहेब, मागवलेत" हे उत्तर किती दिवस ऐकायचं याला आता मर्यादा आहे. 1 डिसेंबर 2023 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांत कागद परत द्यावे लागतात, आणि उशीर बँकेच्या बाजूने झाला तर दर दिवशी 5 हजार रुपये भरपाई. कागद हरवले तर प्रमाणित प्रती मिळवून द्यायच्या आणि खर्चही बँकेनेच सोसायचा. त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात. खातं बंद झाल्याच्या दिवशीच या नियमाचा उल्लेख करून शाखाधिकाऱ्याला ईमेल टाका. आवाज चढवायची गरज नाही, तारखेचा पुरावा राहतो आणि कागद जरा लवकर निघतात.

कागद घ्यायला सगळे सहकर्जदार हजर हवेत. बायको पुण्याला, भाऊ दुबईला असेल तर त्यांचं अधिकारपत्र कसं हवं ते बँकेला आधीच विचारा. पाकीट हातात आलं की काउंटरवरच उघडा. एलओडी समोर ठेवून पानं मोजा, मगच पोच द्या. मागे रांग लागली असेल, लागू दे. कागदांबरोबर नो ड्यूज, कर्ज फिटल्याचं सोसायटीला द्यायचं पत्र आणि सेरसायच्या (गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदीतून बोजा काढल्याची पोच मागा. ती नोंद तशीच राहिली तर तुमच्या बँकेच्या तपासणीत जुना बोजा दिसतो आणि दुसरा चेक तिथेच अडतो.

नोंदणी आणि नंतरचं

नोंदणी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात: फोटो, अंगठा, साक्षीदार, अर्धा दिवस. अंगठा देण्याआधी स्क्रीनवर नावं आणि फ्लॅट नंबर नीट वाचा, तिथली चूक दुरुस्त करायला पुन्हा दस्त करावा लागतो. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करायचा असतो.

सोसायटीच्या हस्तांतरणासाठी महापालिका हद्दीत प्रीमियमची कमाल मर्यादा 25 हजार आहे. "बिल्डिंग फंड", "ऐच्छिक देणगी" असल्या नावाखाली जास्त मागितले तर लेखी मागणी द्या म्हणावं. लेखी सहसा कोणी देत नाही. मालमत्ता कर, महावितरणचं बिल आणि गॅसची जोडणी नावावर करणं ही आठवड्याभराची कामं. मीटरचं रीडिंग मात्र किल्ली घेतानाच मोबाइलमध्ये टिपून घ्या, दोघांनीही.