टाइपस्क्रिप्टमध्ये जेस्ट बसवताना माझे दोन दिवस कुठे गेले

पहिल्या जॉबचा तिसरा आठवडा असेल, लीड म्हणाला या रिपोमध्ये एकही टेस्ट नाहीये, तू जेस्ट (टेस्ट चालवणारं टूल) बसव आणि दोन-चार टेस्ट लिहून टाक, तासाभराचं काम आहे. मलापण तसंच वाटलं. इन्स्टॉल केलं, बेरीज तपासणारी एक साधी टेस्ट लिहिली, रन केली आणि लाल अक्षरात आलं 'कॅनॉट यूज इम्पोर्ट स्टेटमेंट आउटसाइड अ मॉड्यूल'.

आता यात मॉड्यूल शब्द दिसला म्हणून मी पॅकेज डॉट जेसनमध्ये (प्रोजेक्टच्या सेटिंग फाइलमध्ये) टाइप मॉड्यूल करून टाकलं, तर जेस्टची कॉन्फिग फाइलच बोंबलायला लागली की मॉड्यूल इज नॉट डिफाइन्ड. म्हणजे एक एरर घालवायला गेले आणि दुसरी घरात घेतली. खरं कारण एवढंच होतं की जेस्टला टाइपस्क्रिप्ट (टाइप्सची भर घातलेली जावास्क्रिप्ट) आपोआप कळत नाही, फाइल वाचायच्या आधी कोणीतरी ती साध्या जावास्क्रिप्टमध्ये बदलून द्यावी लागते. त्यासाठी टीएस-जेस्ट हे पॅकेज टाकायचं आणि कॉन्फिगमध्ये त्याचा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, द्यायचा. व्हर्जन बघून घ्या बरं का, जेस्ट २९ असेल तर टीएस-जेस्टपण २९च. हेच बदलायचं काम बेबल नावाच्या टूलनेपण होतं आणि ते फास्ट आहे, पण बेबल टाइप नुसते पुसून टाकतं, तपासत नाही, त्यामुळे नंबरच्या जागी स्ट्रिंग दिली तरी टेस्ट हिरवी दिसू शकते. मग टाइप तपासायला टीएससी, म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, नोएमिट लावून (फाइल्स न बनवता) वेगळा चालवावा लागतो.

इथून पुढे मी एक सवय लावून घेतली, एरर आली की आधी बघायचं ओरडतंय कोण. टीएस आणि पुढे आकडा असेल तर तक्रार कंपायलरची आहे, टीएस-कॉन्फिग (त्याच्या सेटिंगची फाइल) उघडा. आकडा नसेल आणि नुसतं सिंटॅक्स एरर किंवा मॉड्यूल सापडत नाही असं असेल तर बहुतेक वेळा जेस्टची कॉन्फिग. मी पहिला अर्धा दिवस चुकीच्याच फाइलमध्ये घालवला होता.

उदाहरणार्थ मला 'कॅनॉट फाइंड नेम डिस्क्राइब' आलं, टीएस २५९३. जेस्टचे टाइप्स मी इन्स्टॉल केलेले होते, तीनदा काढून परत टाकले, काही फरक नाही. टीएस-कॉन्फिगमध्ये टाइप्स नावाची यादी होती आणि त्यात फक्त नोड लिहिलेलं. ती यादी दिली की जे त्यात लिहिलंय तेवढंच आपोआप घेतलं जातं, बाकीचं नाही. जेस्ट लिहिलं, संपलं. आणि गंमत म्हणजे एररच्या शेवटीच लिहिलं होतं की टाइप्समध्ये जेस्ट ॲड करा, पण एरर पूर्ण वाचतं कोण.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ॲट-स्लॅशवाल्या शॉर्टकट पाथने, म्हणजे इम्पोर्टमध्ये लांबलचक फोल्डर पाथऐवजी लिहायच्या छोट्या पाथने. एडिटरमध्ये त्यावर क्लिक केलं की बरोबर फाइल उघडते, टर्मिनलमध्ये मात्र कॅनॉट फाइंड मॉड्यूल. टीएस-कॉन्फिगमधले पाथ्स कंपायलरला आणि एडिटरला कळतात, जेस्ट स्वतःहून ते वाचत नाही, त्याला मॉड्यूल नेम मॅपरमध्ये तेच परत सांगावं लागतं. मी सांगितलं. तरी तीच एरर. कॅशे क्लिअर केली, नोड मॉड्यूल्स उडवून परत टाकले, लॅपटॉप रिस्टार्ट केला (हो, खरंच). शेवटी शो-कॉन्फिग लावून जेस्ट नक्की काय वाचतंय ते बघितलं तर मॅपर रिकामा! मी मॅपरच्या जागी मॅपिंग लिहिलं होतं. आणि जेस्ट प्रत्येक रनला सगळ्यात वर पिवळ्या अक्षरात सांगत होता की हा ऑप्शन मला माहीत नाही, टाइप करताना चुकलं असेल, पण मी कायम खालची लाल ओळ बघत बसलेले. अजून एक, पॅटर्नमध्ये ॲटनंतरचा स्लॅश विसरू नका, नाहीतर ॲटने सुरू होणारी बाहेरची पॅकेजेसपण तुमच्या सोर्स फोल्डरमध्ये शोधली जातात.

'डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड' आलं तर घाबरू नका, जेस्ट २७पासून डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट नोड आहे, त्यात ब्राउझरचं डॉक्युमेंट नसतं, आणि २८पासून जेएसडॉमचं (ब्राउझरची नक्कल करणारं) पॅकेज वेगळं टाकावं लागतं, दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं हिरवं झालं. मी ९ टेस्ट लिहिल्या होत्या, रिपोर्टमध्ये १८ पास दिसत होत्या, मला वाटलं जेस्ट मोजतच असं असेल. लीडने स्क्रीन बघितली आणि विचारलं या १८ कुठून आल्या. मधे कधीतरी मी बिल्ड केलं होतं आणि डिस्ट फोल्डरमध्ये त्याच टेस्टच्या जावास्क्रिप्ट कॉप्या तयार झाल्या होत्या, जेस्ट त्यापण चालवत होता. टेस्ट पाथ इग्नोर पॅटर्न्समध्ये डिस्ट टाकलं, बिल्डच्या टीएस-कॉन्फिगमधून टेस्ट फाइल्स वगळल्या, आणि आकडा ९वर आला.