बिवळ्याच्या शेंगा आत्ताच उतरवा: फाल्गुन ते ज्येष्ठ, रोपवाटिकेची कामे

बिवळ्याचं झाड पूर्वी सह्याद्रीच्या पानझडी रानात ऐन, किंजळ, सागाच्या जोडीने सर्रास दिसायचा. आता डोंगरभर फिरलं तरी जुनी, भरदार झाडं मोजकीच सापडतात. चांगल्या लाकडासाठी झालेली तोड, डिंकासाठी सालीवर मारलेले घाव आणि दरवर्षीचा वणवा यांनी त्याला मागे रेटलं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हे झाड संकटाच्या उंबरठ्यावरचं म्हणून नोंदलेलं आहे. ज्यांच्या बांधावर, वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत किंवा देवराईत एखादा बिवळा उभा आहे, त्यांच्या हाती पुढच्या पिढीचं बी आहे.

आधी झाड नीट ओळखा. काही भागांत बिवळ्याला असाणा म्हणतात आणि त्याच नावाने एक वेगळं, खोडावर काटे असलेलं झाडही ओळखलं जातं. बिवळ्याचं पान संयुक्त असतं, एका देठावर पाच ते सात पर्णिका, प्रत्येकीच्या टोकाला बारीक खाच. साल खरवडली की लाल रस पाझरतो, पण खात्रीसाठी झाडाला घाव घालायची गरज नाही. शेंग बघा: गोल, चपटी चकती, कडेने पापुद्र्यासारखा पंख आणि मधोमध फुगीर भागात एखाद-दुसरं बी.

शेंगा हिरवटपणा जाऊन तपकिरी झाल्या की झाडावरूनच उतरवा. खाली पडलेल्यांना बहुधा कीड लागलेली असते, आणि वणवा फिरला तर त्याही हाती लागत नाहीत. सगळं बी एकाच झाडाचं घेऊ नका. दूर-दूरच्या आठ-दहा झाडांवरून थोडं-थोडं जमवा, म्हणजे उद्याचं रान एकाच आईचं होणार नाही. प्रत्येक झाडावर निम्म्याहून जास्त शेंगा राहू द्या. फांद्या मात्र तोडू नका. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, कवळ (फांद्यांचा पाला) काढतानाही बिवळा वगळा.

बी शेंगेतून काढायच्या खटपटीत पडू नका, कवच चिवट असतं आणि बी दुखावतं. कात्रीने कडेचा पंख कापा, शेंगा एक-दोन दिवस साध्या पाण्यात भिजवा आणि चैत्र-वैशाखात अख्ख्या पेरा. माती दोन भाग, वाळू एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग असं मिश्रण चालतं. शेंग आडवी ठेवून वर बोटाच्या पेराएवढीही माती नको. पाणी झारीने द्या, चिखल होऊ देऊ नका. सगळं बी उगवत नाही, म्हणून हव्या त्या रोपांच्या दुपटीने तरी पेरा. सोटमूळ लवकर खोल जातं, त्यामुळे पिशवी लांबट घ्या आणि अधूनमधून जागेवरून हलवा, नाहीतर मूळ पिशवी फोडून जमिनीत शिरतं आणि उचलताना तुटतं.

या वर्षीचं रोप या वर्षीच्या पावसात लावायची घाई करू नका. वर्षभर वाढवून पुढच्या जूनमध्ये, दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर लावा. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. पाणी साचणारी जागा बिवळ्याला मानवत नाही, निचऱ्याचा उतार हवा. भरपूर उजेड हवा, म्हणून दाट सावलीत न लावता रानातल्या मोकळ्या जागी, ऐन, किंजळ, धावड्याबरोबर मिसळून लावा. नुसत्या बिवळ्याची बाग करू नका. वनजमिनीवर लावायचं असेल तर वनविभागाशी किंवा सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेशी आधी बोला.

सगळ्यात जास्त रोपं आपण एका गैरसमजापोटी गमावतो. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात बिवळ्याचा वरचा कोंब वाळून जातो. रोप मेलं असं समजून लोक ते उपटतात किंवा त्या जागी दुसरं लावतात. पण जमिनीखाली मूळ जाड होत असतं आणि पावसाबरोबर नवा फुटवा येतो. वाळलेल्या काडीशेजारी खूण म्हणून काठी रोवा, बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा आणि आषाढापर्यंत वाट पाहा. फुटवे बरेच आले तर जोमदार एकच ठेवा.

पाला गुरांना फार आवडतो. करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण पहिली चार-पाच वर्षं तरी टिकवा. दिवाळीनंतर गवत कापून घ्या, आणि माघ संपायच्या आत लागवडीभोवती दहा फुटांची जाळरेषा, म्हणजे आग आत शिरू नये म्हणून गवत-पाचोळा नसलेला मोकळा पट्टा, काढा. ही जाळरेषा चुकली तर बाकीचे सगळे कष्ट एका दुपारी जातात, हे मी कळकळीने सांगतो.

जुन्या झाडांच्या लाकडाचे पेले मधुमेहावरचा उपाय म्हणून विकले जातात. त्यासाठी झाड देऊ नका, आणि पेल्याच्या भरवशावर डॉक्टरांची औषधंही थांबवू नका.

राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत बिजा या नावाने हे झाड आहे, म्हणजे स्वतःच्या शेतातलं तोडायलाही परवानगी लागते. त्या धास्तीने लावायचं टाळू नका. लागवड झाली की ई-पीक पाहणीत (पिकांची नोंद करायच्या सरकारी मोबाइल अ‍ॅपवर) बांधावरच्या झाडांची नोंद करा, पुढे परवानगीच्या वेळी ती उपयोगी पडते.