अमायनोचा डबा घेण्याआधी खुराकाचा हिशेब कसा करावा

सांगली असो की कराड, जिमच्या काउंटरवर बीसीएएचे, म्हणजे प्रथिनांचे घटक असलेल्या तीन अमायनो आम्लांच्या पावडरीचे, रंगीत डबे मांडलेले असतातच. पैसे काढण्याआधी वही काढा.

आधी वजन करा. नियमित वजनं उचलणाऱ्याला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं रोज पुरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. आता कालचं खाणं लिहा. अर्धा लिटर म्हशीचं दूध १८ ग्रॅम, चार अंडी २४, पन्नास ग्रॅम सोया चंक्स २५, मूठभर शेंगदाणे ७, तीन ज्वारीच्या भाकरी १५ ते १८, वाटीभर आमटी ६-७. भरलं की! अंडी न खाणाऱ्याने दूध, ताक, पनीर वाढवावं. ज्वारीत लायसिन हे अमायनो आम्ल कमी असतं, ते डाळी-कडधान्यांतून मिळतं. त्यामुळे भाकरीबरोबर मटकीची उसळ हवीच. तालमीतल्या खुराकात तुपाला मोठा मान, पण तुपात प्रथिनं जवळपास नसतातच. ते काम दूध-बदाम करतात.

मग वाटणी. सगळं रात्रीच्या जेवणात कोंबू नका. चार वेळा, दर वेळी २० ते २५ ग्रॅम. साठीच्या पुढच्यांनी थोडं जास्त, कारण वयाबरोबर स्नायूंचा प्रतिसाद मंदावतो. व्यायाम झाल्या झाल्या शेक प्यायलाच पाहिजे असं नाही. स्नायू पुढचे २४ तास तरी प्रथिनांना जास्त प्रतिसाद देतात.

व्यायामाचा ताण नसेल तर हे सगळं खाणं स्नायूंसाठी फारसं काही करत नाही. शंभर बैठका सहज निघत असतील तर पाठीवर वजन घ्या.

एवढं करूनही हिशेब कमी पडत असेल तरच डब्याकडे वळा. स्नायू बांधायला नऊ अत्यावश्यक (म्हणजे शरीर स्वतः बनवू शकत नाही अशी) अमायनो आम्लं लागतात. बीसीएएमध्ये त्यातली तीनच: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. ल्युसिन बांधकामाचा इशारा देतं खरं, पण बाकीच्या विटाच नसतील तर गवंडी काय करणार? नुसत्या बीसीएएने स्नायूंची बांधणी थोडी वाढते, पण दुधातून काढलेल्या व्हे प्रोटीनइतकी नाही. व्हेमध्ये नऊही असतात आणि २५ ग्रॅम प्रथिनांत अडीच ग्रॅमच्या आसपास ल्युसिन मिळतं. माझं मत विचाराल तर बीसीएए सोडा, साधा व्हे घ्या. दूध पचत नसेल तर नऊही अमायनो आम्लं असलेलं ईएए चालेल. डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक बघा. प्रत्येक अमायनोचे ग्रॅम न लिहिता नुसतं 'ब्लेंड' (मिश्रण) लिहिलं असेल तर घेऊ नका.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधीच डॉक्टरांना विचारा. पार्किन्सनसाठी लेवोडोपा घेणाऱ्यांनीही विचारावं, कारण अमायनो आम्लांमुळे त्या गोळीचा असर कमी होऊ शकतो.