स्वस्त व्हिएतनामी खानावळीत जेवताना या चुका टाळा

छोट्या व्हिएतनामी खानावळीत तुमच्यापुढे ठेवलेला बाऊल पूर्ण झालेला नसतो. लिंबाच्या फोडी, मिरचीच्या चकत्या, ताटलीभर पाला, टेबलावरच्या बाटल्या हे सगळं वापरून शेवटचा हात खाणाऱ्यानेच फिरवायचा, हे गृहीत धरून पदार्थ बाहेर येतो. ‘अगदीच मिळमिळीत होतं’, ‘सगळं एकसारखंच लागलं’ अशा तक्रारी वरचेवर कानावर येतात. त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ स्वयंपाकघरात नाही, टेबलावर असतं.

चव न घेताच बाटली उपडी करणं

सगळ्यात मोठी चूक हीच. फो, म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्सचं सूप. त्यासाठी हाडं तासन्‌तास मंद आचेवर उकळतात, आलं आणि कांदा आधी आचेवर काळे होईपर्यंत भाजून घेतात आणि मग चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची घालतात. त्यावर पहिल्याच मिनिटाला हॉइसिन (सोयाबीनचा घट्ट, गोडसर सॉस) आणि लाल तिखट सॉस ओतला की उरतं गोड-तिखट पाणी. आधी दोन चमचे सूप नुसतं प्या. मग थोडं लिंबू पिळा, पुन्हा चव घ्या, मग मिरची. सॉस हवाच असेल तर छोट्या वाटीत काढा आणि मांसाचा तुकडा त्यात बुडवून खा. सूप जसंच्या तसं राहतं.

हॉइसिन घालणं चूक आहे असं मात्र नाही. फो मूळचा उत्तर व्हिएतनामचा. हनोईकडे तो साधा असतो: वर पातीचा कांदा आणि सोबत लसूण घातलेलं व्हिनेगर. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली, उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले आणि फो तिथे घरोघर पोचला. पाल्याची ताटली, मुगाचे लांब मोड, हॉइसिन हा थाट दक्षिणेतला. दोन्ही पद्धती खऱ्या आहेत. चव न घेता ओतू नका, एवढंच.

ओतून झालंच असेल तर? गोड झालं असेल तर लिंबू आणि मिरची वाढवा. खारट किंवा आंबट झालं तर नुसतं सूप थोडं मागून घ्या. गर्दी नसेल तर सहसा देतात. फिकं लागत असेल तर सोया सॉसच्या वाटेला जाऊ नका, फिश सॉसचे चार थेंब घाला. मिठानेही येणार नाही अशी खोली त्याने येते.

फोटो काढत बसणं

तांदळाच्या नूडल्स सूप शोषत राहतात. दहा मिनिटं बाऊल तसाच ठेवलात तर सूप कमी आणि नूडल्सचा गोळा जास्त, अशी गत होते. बाऊल आला की चॉपस्टिक्स तळापर्यंत घाला, नूडल्स वर उचलून मोकळ्या करा आणि लगेच सुरुवात करा.

‘ताय’ मागवलं असेल तर घाई आणखी महत्त्वाची. ताय म्हणजे गोमांसाचे कच्चे, कागदासारखे पातळ काप. उकळतं सूप वरून पडलं की ते शिजतात. वर गुलाबी दिसणारे काप चमच्याने लगेच सुपाखाली दाबा आणि रंग बदलू द्या. मोड आणि पाला त्यानंतर. गार मोडांचा ढीग आधी टाकला तर सूप कोमट होतं आणि मांस अर्धवट कच्चं राहतं. ही धास्ती नको असेल तर ‘चिन’, म्हणजे पूर्ण शिजलेलं मांस मागा. पार्सल नेताना सूप आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत द्यायला सांगा.

पाला शोभेचा समजणं

ताटलीतल्या पानांना हातही न लावता उठणारे लोक पाहिले की खरंच वाईट वाटतं. बडीशेपेच्या वासाची तुळशीच्या जातीची पानं, करवतीसारख्या कडांची उग्र कोथिंबिरीच्या वासाची लांब पानं, पुदिना: जेवणाचा अर्धा सुगंध इथे आहे. देठ बाजूला काढा, पानं हाताने तोडा, थोडी थोडी घाला. एकदम सगळी घातली तर ती शिजून काळवंडतात.

तळलेल्या रोलचंही तसंच. ‘चा यो’ नुसता खाल्ला तर दुसऱ्या रोलला तेलकट वाटू लागतो. लेट्यूसच्या पानात रोल ठेवा, वर पुदिना घाला, गुंडाळा आणि नुअक चाममध्ये बुडवा. फिश सॉस, लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची यांचं हे पातळ मिश्रण. ‘बान सेओ’ हा तांदळाच्या पिठाचा हळद घातलेला कुरकुरीत घावनही असाच तोडून, पानात गुंडाळून खायचा. काटा-चमच्याने कापत बसलात तर तो मऊ पडतो.

‘बुन’ म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया. त्यांच्या कोरड्या बाऊलमध्ये नूडल्स, मांस, काकडी, गाजर, शेंगदाणे थरांनी रचलेले असतात. सोबतच्या वाटीतलं नुअक चाम वरून ओता आणि तळापासून कालवा. न कालवता खाल्लं तर वरचा थर चविष्ट आणि खाली पांढऱ्या अळणी शेवया.

‘भाज्या आहेत, म्हणजे शाकाहारी’ हा समज

इथे चूक महागात पडते, म्हणून नीट विचारा. टोफू आणि भाज्यांच्या फोचं सूपही हाडांचं असू शकतं. फिश सॉस मासे आणि मीठ मुरवून केलेला असतो आणि तो परतलेल्या भाजीतही जातो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. सूप कशाचं आहे आणि फिश सॉस आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. पदार्थाच्या नावात ‘चाय’ असेल तर तो शाकाहारी. व्हिएतनाममध्ये अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य करतात, त्यामुळे या स्वयंपाकाची परंपरा पक्की आहे; मिळाला तर तो खास चाखून बघा.

मांसाबाबत काही वर्ज्य असेल तर चार शब्द लक्षात ठेवा: बो म्हणजे गोमांस, हेओ डुकराचं मांस, गा कोंबडी, तोम कोळंबी. नावावर पूर्ण विसंबू नका, कारण ‘बुन बो हुए’ या मध्य व्हिएतनामच्या तिखट सुपात गोमांसाबरोबर बहुधा डुकराचं मांस आणि कोळंबीची आंबवलेली पेस्टही असते. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ऑर्डरच्या आधीच सांगा.

लांबलचक मेन्यूत हरवणं

शंभरावर पदार्थ असले तरी छोट्या स्वयंपाकघराचा हात दोन-तीन पदार्थांवरच बसलेला असतो. पाटीवर काय लिहिलंय आणि शेजारच्या टेबलांवर काय जातंय ते बघा. चौघं असाल तर चौघांनी फो मागवू नका: एक फो, एक कणीच्या भाताचा ‘कम ताम’, एक बुन आणि मध्ये रोल. न तळलेले ताजे रोल मात्र तिथेच संपवा; फ्रीजमध्ये त्यांचा तांदळाचा कागद वातड होतो.

कॉफीची घाई

फिन नावाचा छोटा धातूचा फिल्टर पेल्यावर ठेवून कॉफी येते आणि थेंब थेंब गळायला चार-पाच मिनिटं लागतात. चमच्याने दाबून घाई करू नका, गाळ खाली उतरतो. गळणं थांबलंच असेल तर वाढणाऱ्याला सांगा. आतली जाळी जास्त घट्ट बसलेली असते. कंडेन्स्ड मिल्क तळाशी असतं, ते गरम कॉफीतच ढवळा आणि मग बर्फावर ओता, कारण गार झाल्यावर ते नीट विरघळत नाही. आणि ही कॉफी बहुतेक वेळा रोबस्टा जातीच्या बियांची असते. तिच्यात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं, तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर मागवताना झोपेचा विचार करा.